वाचकांचे प्रश्न : हृदय, ताट आणि काढा

२९ सप्टेंबरच्या जागतिक हृदय दिनाच्या निमित्ताने आम्ही या सदरासाठी हृदयविकार आणि आहार या विषयावरील प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांत एकच विचारणा वेगवेगळ्या शब्दांत होती : काय घ्यावे? कोणते बी, कोणता रस, कोणता काढा, कोणते तेल? ‘काय कमी करावे’ असे विचारणारी पत्रे अगदी थोडी होती. हृदय सांभाळण्याचा जो नैसर्गिक उपाय खरोखर उपयोगी पडतो, तो महिन्याच्या किराणा यादीत आणि रोजच्या दोन जेवणांत असतो, असे माझे मत आहे आणि खालच्या उत्तरांत ते वारंवार येईल. शक्य तेथे मी आकडे दिले आहेत, कारण ‘तेल कमी खा’ एवढ्या सल्ल्याने कोणत्याच स्वयंपाकघरात काही बदलत नाही, हे इतक्या वर्षांत मी पाहिले आहे.

प्रश्न : माझा थोरला भाऊ ४६ व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेला. तो सडपातळ होता, शाकाहारी होता, दारू-सिगारेटला कधी शिवला नाही. माझे वय ४१ आहे आणि माझी अंगकाठीही तशीच आहे. जे व्हायचे ते होतेच, मग आहार सांभाळून काय उपयोग, असे आता वाटते. – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमच्या भावाचे जाणे फार अकाली झाले. त्याच्या बाबतीत नेमके काय घडले हे पत्रावरून सांगता येणार नाही, आणि त्याचे काही चुकले असेल असे तर मुळीच मनात आणू नका. परंतु सडपातळ माणसाला हृदयविकार होत नाही ही आपली समजूत बरोबर नाही, आणि तुमच्यासाठी ते जाणून घेणे आज महत्त्वाचे आहे.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण छायाचित्रासह दिले होते. उंचीच्या प्रमाणात वजन मोजणारा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही २२.३ होता, मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना सारखेच ठरवत होता. आपल्याकडील अनेकांचे हातपाय बारीक असतात, स्नायू कमी असतात आणि चरबी पोटाच्या आत, यकृताभोवती साठते. म्हणून भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. शिंप्याची फीत घेऊन बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. त्या दिवशी वजन पाहिले नाही तरी चालेल.

दुसरी गोष्ट वयाची. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला झटका येण्याचे मध्यक वय ५३ वर्षे आढळले, तर इतर प्रदेशांत ते सुमारे ५९ होते. पण त्याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष तुमच्या निराशेला उत्तर देणारा आहे. तंबाखू, रक्तातील चरबीचे बिघडलेले प्रमाण, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, मानसिक ताण, फळे-भाज्यांचा अभाव, व्यायामाचा अभाव आणि मद्याचे सेवन या नऊ गोष्टींनी झटक्याच्या धोक्याचा सुमारे नव्वद टक्के भाग स्पष्ट होतो, असे त्यात दिसले, आणि दक्षिण आशियातही हेच घटक लागू पडले. आपल्याकडे हे सगळे कमी वयातच सुरू होते, म्हणून झटकाही आधी येतो. याचा अर्थ असा की तुमच्या हातात पुष्कळ काही आहे. फक्त त्याची सुरुवात पन्नाशीत करून चालणार नाही.

याच महिन्यात रक्तदाब मोजा, उपाशीपोटीची साखर आणि तीन महिन्यांची सरासरी साखर तपासा, रक्तातील चरबीची पूर्ण तपासणी करा. त्याखेरीज ‘लायपोप्रोटीन-ए’ ही तपासणी आयुष्यात एकदा करून घ्या. हा घटक जन्मतःच ठरलेला असतो, आहाराने तो फारसा बदलत नाही. परंतु तो जास्त असेल तर बाकीच्या सर्व गोष्टी अधिक काटेकोरपणे सांभाळाव्या लागतात आणि डॉक्टर औषधाचा विचारही लवकर करतात. भाऊ गेला त्या वयाचा विचार करता, हे अहवाल हृदयरोगतज्ज्ञांना एकदा दाखवावेत.

‘शाकाहारी होता’ या शब्दाविषयीही थोडे सांगायला हवे. सकाळी पोहे, दुपारी चार पोळ्या, बटाट्याची भाजी आणि भात, संध्याकाळी गोड चहा आणि खारी, रात्री पुन्हा पोळी-भात हा आहार पूर्ण शाकाहारी आहे. पण त्यात पिष्ट भरपूर, भाजी चमचाभर आणि डाळ पातळ असते. अशा जेवणाने रक्तातील ट्रायग्लिसराइड ही चरबी वाढते आणि उपयोगी कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, घटते, आणि आपल्या लोकांच्या अहवालांत हीच जोडी सतत दिसते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसभराच्या आहाराचे जे प्रमाण दिले आहे त्यात कच्चे धान्य २५० ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम आहेत. घरातले ताट डोळ्यांसमोर आणा : आपल्याकडे हे प्रमाण बहुधा उलटे असते. ते सुलटे करण्यापासून सुरुवात करा.

प्रश्न : सासूबाईंच्या काळापासून आमच्याकडे करडईचे तेल येते. मुलगा म्हणतो, घाण्याचे शेंगदाणा तेल आणा. जाऊबाई राइस ब्रान वापरतात. आता तर साजूक तूपच हृदयाला चांगले असे सगळे सांगतात. घरात आम्ही चार मोठी माणसे आहोत आणि पंधरा किलोचा डबा दोन महिन्यांत, सणासुदीला दीड महिन्यातच संपतो. नक्की कोणते तेल आणावे? – एक गृहिणी, सोलापूर

उत्तर : ताई, तुम्ही डब्याचा हिशेब लिहिलात म्हणून मी तुमची आभारी आहे, कारण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर त्यातच आहे. पंधरा किलो तेल चार माणसांत साठ दिवस पुरते, म्हणजे माणशी रोज ६२ ग्रॅम; दीड महिन्यात संपले तर ८० ग्रॅमच्याही पुढे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या वर सांगितलेल्या ताटात दिसणारे तेल-तूप सगळे मिळून २७ ग्रॅम आहे. त्या हिशेबाने तुमचा डबा साडेचार महिने पुरायला हवा. जास्तीचे ३५ ग्रॅम तेल म्हणजे रोज ३१५ कॅलरी, साधारण तीन पोळ्यांइतक्या. करडई की शेंगदाणा हा वाद जेवढ्या फरकासाठी चालतो, त्याच्या कितीतरी पट फरक या एका बदलाने पडेल.

तेल बाटलीतून थेट कढईत ओतणे आजच थांबवा. चार माणसांचे दिवसभराचे तेल सकाळी वाटीत मोजून काढून ठेवावे, आणि फोडणी, पोळीचे मोहन, पोळीवरचे तेल आणि भाजी हे सारे त्याच वाटीतून करावे. पहिला आठवडा जड जातो. रश्श्यावर तवंग आलाच पाहिजे हा आग्रह सोडला की अर्धे काम होते. भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट, तीळ आणि खोबरे वाटून लावले की रस्सा दाट होतो आणि तेलाची उणीव जाणवत नाही. तीळ-दाण्यांतील स्निग्धांशासोबत तंतू आणि प्रथिनेही मिळतात, हा त्यातला लाभ. खोबरे मात्र चवीपुरतेच असावे.

आता तेलाची निवड. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश लिनोलिक आम्ल, म्हणजे ओमेगा-६ प्रकारची चरबी, असते आणि संपृक्त चरबी, म्हणजे तूप-लोण्यात मुख्यतः असते ती, दहा टक्क्यांहून कमी. शेंगदाणा तेलात साधारण निम्मे ओलिक आम्ल, एक तृतीयांशाच्या आसपास लिनोलिक आणि पाचव्या हिश्श्याच्या आत-बाहेर संपृक्त चरबी असते. दोन्ही चांगली तेले आहेत. एक संपले की दुसरे आणावे, एवढे पुरे. राइस ब्रानही त्याच रांगेत बसते. लाकडी घाण्याच्या तेलाला वास आणि चव उत्तम असते, परंतु त्यातील चरबीची घडण कारखान्यातील तेलासारखीच असते, त्यामुळे ते सढळ हाताने वापरण्याची मुभा मिळत नाही. घाण्यावर स्वतःचे दाणे देत असाल तर बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे कटाक्षाने निवडून काढा, कारण त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि शुद्धीकरण न झालेल्या तेलात ते उतरू शकते.

या दोन्ही तेलांत ओमेगा-३ जवळजवळ नसते, आणि ती उणीव तुमच्या भागातच पिकणाऱ्या जवसाने भरून निघते. जवसाच्या तेलाचा निम्म्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे वनस्पतींतल्या ओमेगा-३ चा, असतो. रोज माणशी एक मोठा चमचा जवसाची चटणी खावी. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडते, म्हणून ते भाजून कुटलेलेच हवे आणि आठवड्याला पुरेल एवढेच कुटावे, कारण कूट लवकर खवट होते. सोलापूरची शेंगा चटणीही मला मनापासून आवडते. तिच्यात मीठ बेताने घाला, इतकेच सांगेन.

तुपाविषयी हल्ली दोन्ही टोकांची मते ऐकू येतात. एका लहान चमच्यात, म्हणजे ५ ग्रॅम तुपात, सुमारे ३ ग्रॅम संपृक्त चरबी असते. दिवसभरात संपृक्त चरबी एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात २२ ग्रॅमपर्यंत. वरणभातावर एक चमचा तूप निरोगी माणसाने आनंदाने खावे. पण म्हशीच्या साय न काढलेल्या दुधाच्या एका पेल्यातच सुमारे ८ ग्रॅम संपृक्त चरबी असते, हे सहसा कोणी धरत नाही. दूध, चहा, साय, पनीर आणि त्यावर सगळा स्वयंपाक तुपात, असे झाले की मर्यादा दुपारपर्यंतच ओलांडलेली असते आणि रक्तातील एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत थर साचवणारे कोलेस्टेरॉल, वाढते. तूप हृदयाचे रक्षण करते असे सांगणाऱ्या संदेशांना आधार नाही.

वनस्पती तूप मात्र घरात आणूच नका. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपांतील ट्रान्स फॅटची, म्हणजे वनस्पती तुपासाठी तेल घट्ट करताना तयार होणाऱ्या अपायकारक चरबीची, मर्यादा २ टक्क्यांवर आणली गेली आहे आणि हा निर्णय फार मोलाचा आहे. तरीही सुटी खारी, नानकटाई आणि गाड्यावरच्या उकळून काळ्या झालेल्या तेलातील भजी यांच्याबाबत निर्धास्त राहता येत नाही. घरातले तळणीचे तेलही पुन्हा तळणीला घेऊ नये. उरलेले दोन-तीन दिवसांत फोडणीला वापरून संपवावे.

प्रश्न : आमच्याकडे नारळाशिवाय स्वयंपाक होत नाही. नारळात कोलेस्टेरॉल नसते असे वाचले आहे आणि माझे आजोबा हेच जेवून नव्वदीपर्यंत जगले. तरी डॉक्टरांनी माझे एलडीएल वाढल्याचे सांगून नारळ कमी करायला सांगितले. मासे चालतील का? – एक वाचक, कुडाळ

उत्तर : नारळात कोलेस्टेरॉल नसते हे अगदी खरे आहे, कारण सगळ्याच वनस्पतिजन्य पदार्थांत ते नगण्य असते. परंतु रक्तातील कोलेस्टेरॉल मुख्यतः आपले यकृत तयार करते, आणि संपृक्त चरबी जास्त खाल्ली की यकृत रक्तातील एलडीएल पुरेसे उचलत नाही. खोबरेल तेलाची जवळजवळ नव्वद टक्के चरबी संपृक्त असते. खोबरेल तेल आणि इतर वनस्पती तेले यांची तुलना करणारे प्रयोग २०२० मध्ये एकत्र करून पाहिले गेले, तेव्हा खोबरेलामुळे एलडीएल दर डेसिलिटर रक्तात सरासरी सुमारे १० मिलिग्रॅमने जास्त राहते, असे आढळले. ओल्या खोबऱ्याच्या शंभर ग्रॅमांत सुमारे ३० ग्रॅम संपृक्त चरबी असते.

तुमच्या आजोबांचे ताट मात्र तेवढ्यावर मोजू नका. त्यांच्या वाटणासोबत उकड्या तांदळाची पेज, कुळीथ, लाल भाजी आणि ताजी मासळी होती, आणि दिवसभर बागेत किंवा शेतात चढउतार होती. त्यांच्या जेवणातला नारळ तेवढा आपल्याकडे राहिला आणि बाकीचे बरेचसे गेले. डॉक्टरांनी सांगितले आहे ते ऐका : खोबरेल तेलात स्वयंपाक बंद करावा, आणि ओले खोबरे माणशी दिवसाला दोन चमच्यांवर आणावे. आमटीत वाटणाऐवजी थोडे खोबरे वरून भुरभुरले तर वास तोच येतो. सोलकढी रोजची न ठेवता कोकमाचे नुसते सार करावे.

मासे केवळ चालतील असे नाही, ते खावेतच. तुमच्या किनाऱ्यावर मिळणारे बांगडे आणि तारली हे तेलकट मासे ओमेगा-३ चे उत्तम स्रोत आहेत, आणि महागड्या सुरमई-पापलेटसाठी खिसा रिकामा करण्याची आवश्यकता नाही. आठवड्यातून दोन वेळा बांगड्याचे तिखले किंवा कालवण करा. रवा लावून तेलात तळलेला मासा क्वचितच असावा. सुकी मासळी मिठात मुरलेली असते, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी ती टाळलेली बरी. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नका. सरसकट निरोगी लोकांत त्यांनी झटके टळतात असे ठामपणे दिसलेले नाही, आणि जास्त मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा धोका थोडा वाढतो.

प्रश्न : आईला (वय ६७) रक्तदाब आहे. साधे मीठ बंद करून आम्ही सैंधव सुरू केले, तरी रक्तदाब १५० च्या खाली येत नाही. ती वरून मीठ घेत नाही. – एक वाचक भगिनी, नाशिक

उत्तर : सैंधव हेही सोडियम क्लोराइडच आहे. त्यातील इतर खनिजे रंगापुरती असतात, रक्तदाबावर परिणाम होण्याइतकी नसतात. शिवाय साध्या मिठात मिळणारे आयोडीन त्यात बहुधा घातलेले नसते. म्हणून आईसाठी काहीच बदललेले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक लहान चमचा, सांगितली आहे, आणि त्यात जेवणातले सगळेच मीठ धरलेले आहे.

वरून मीठ न घेताही ते कुठून येते याची यादी आईशेजारी बसून करा. कणकेत घातलेले मीठ, लोणचे, ताकातले मीठ, ठेचा, भातावर चुरलेली सांडगी मिरची, फरसाण, पाव, बिस्किटे. पापडात तर मीठही असते आणि पापडखारही, आणि दोन्ही सोडियमच. भाजून खाल्ला तरी ते कमी होत नाही. ढोकळा-भज्यांत सोडा असतो, तोही त्यातच धरावा. पोळीच्या कणकेतील मीठ पूर्ण बंद करणे सर्वांत सोपे, कारण भाजीसोबत खाताना कोणाला ते कळतही नाही. लिंबू, आमसूल, कैरी, लसूण, ओली हळद, जिरेपूड यांनी जिभेचे समाधान पुष्कळ होते, आणि तीन-चार आठवड्यांत जीभ कमी मिठाला सरावते.

नुसते मीठ कमी करण्याइतकाच महत्त्वाचा भाग पोटॅशियमचा आहे, आणि तो बहुतेक घरांत राहून जातो. अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॅश’ आहाराच्या प्रयोगात मिठाचे प्रमाण न बदलता फळे, भाज्या आणि कमी स्निग्धांशाचे दूध-दही वाढवले होते आणि संपृक्त चरबी कमी केली होती. उच्च रक्तदाब असलेल्यांत आठ आठवड्यांत वरचा आकडा सुमारे ११ ने उतरला. पालक, चाकवत, राजगिऱ्याची भाजी, दोडका, दुधी, टोमॅटो, केळे, मोसंबी, बिनमिठाचे ताक असे सगळे नाशिकच्या बाजारात स्वस्तात मिळते. दोन्ही वेळी वाटीभर भाजी आणि दिवसातून दोन फळे एवढे तरी आईला मिळायला हवे.

सोडियमच्या काही भागाऐवजी पोटॅशियम घातलेले मीठ आता दुकानांत मिळते. चीनमधील ६०० खेड्यांत सुमारे २१ हजार लोकांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा मिठामुळे पक्षाघाताचे प्रमाण १४ टक्क्यांनी घटले. हा उपाय मला फार आशादायक वाटतो. पण आईच्या मूत्रपिंडाचे काम कमी असेल किंवा तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोटॅशियम वाढवणाऱ्या असतील, तर हेच मीठ धोकादायक ठरू शकते. म्हणून रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) आणि पोटॅशियम तपासून, डॉक्टरांना विचारूनच ते आणा. आणि १५० हा आकडा आहारावर सोडून वाट पाहत बसण्यासारखा नाही. औषधाची मात्रा बदलण्यासाठी याच आठवड्यात त्यांना भेटा.

प्रश्न : सोमवार, एकादशी, चतुर्थी असे माझे महिन्यात आठ-नऊ उपवास होतात. उपवासाने हृदय निरोगी राहते ना? – एक वाचक, अकोला

उत्तर : पोटाला विश्रांती मिळाली तर लाभ होईल, परंतु साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वेफर्स हा उपवास नेहमीच्या जेवणापेक्षा जड असतो. साबुदाण्यात जवळजवळ केवळ पिष्ट असते, तंतू आणि प्रथिने नसल्यातच जमा. श्रद्धेत बाधा न आणता वरईचा भात, दाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, काकडीची कोशिंबीर, उकडलेले रताळे, फळे आणि ताक असा फराळ करता येतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर उपवासाच्या दिवसाची मात्रा डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.

प्रश्न : माझी आजी रोज तीन-चार वेळा मिसरी लावते. ती म्हणते, मी तंबाखू खात नाही, दात घासते. तिचा आहार साधा भाकरी-भाजीचा आहे. – एक विद्यार्थिनी, बीड

उत्तर : मिसरी म्हणजे भाजून पूड केलेला तंबाखूच. हिरड्यांतून निकोटीन थेट रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढतो. ‘इंटरहार्ट’मध्ये धूर नसलेल्या तंबाखूनेही झटक्याचा धोका वाढलेला दिसला होता. आजीची भाकरी-भाजी उत्तम आहे आणि ती तशीच राहू द्या, पण कोणताही आहार तंबाखूची भरपाई करू शकत नाही. तिला रागावू नका. इतक्या वर्षांची सवय सुटताना डोके दुखते, पोट साफ होत नाही, चिडचिड होते, आणि बहुतेक आज्या त्या त्रासामुळेच पुन्हा डबी उघडतात. एकेक वेळ कमी करत जा, त्या वेळी तोंडात बडीशेप, लवंग किंवा आवळ्याची फोड द्या, आणि १८००-११-२३५६ या तंबाखूमुक्तीच्या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर तिच्या वतीने तुम्ही बोला.

प्रश्न : माझे वय ५८. आठ महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला. रोज पाच गोळ्या घ्याव्या लागतात. मित्राने लसूण, आले, लिंबाचा रस, सफरचंदाचे व्हिनेगर आणि मध यांचा काढा दिला असून त्याने रक्तवाहिन्यांतील अडथळे विरघळतात असे तो सांगतो. सोबत अर्जुनाच्या सालीचे चूर्ण दुधातून घेतो. मला बरे वाटते आहे. रासायनिक गोळ्या बंद करून नैसर्गिक उपचारांवर राहायची इच्छा आहे. पत्नी घाबरते. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची पत्नी योग्य कारणासाठी घाबरते आहे. या पाच गोळ्यांपैकी दोन बहुधा रक्तातील गुठळी होऊ न देणाऱ्या आहेत. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर नीट चढेपर्यंत, साधारण पहिले वर्षभर, त्या गोळ्या मध्येच थांबवल्यास जाळीत अचानक गुठळी होऊन मोठा झटका येऊ शकतो. तो कोणत्याही सूचनेशिवाय येतो. ‘बरे वाटते’ ही भावना तिथे उपयोगाची नाही, कारण गुठळी होण्याच्या आदल्या दिवशीही बरेच वाटत असते.

काढ्यातील लसणाचा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात १९२ लोकांवर तो सहा महिने चालला आणि आठवड्यातून सहा दिवस, रोजच्या एका पाकळीइतका लसूण देण्यात आला. काहींना कच्चा, काहींना गोळ्यांच्या रूपात, तर काहींना तुलनेसाठी लसूण नसलेला दिखाऊ डोस. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार एलडीएलवर त्याचा काहीही परिणाम झाला नाही. लसूण फोडणीत, चटणीत जरूर खा. चवीमुळे मीठ कमी लागते, हाच त्याचा मोठा गुण. अडथळा विरघळवणारा काढा मात्र कोणीही दाखवून दिलेला नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीतील थर हा नळात साचलेल्या क्षारासारखा नसतो. तो भिंतीच्या आत असतो, त्यात चरबी, पेशी, तंतू आणि चुना असतो, आणि व्हिनेगर तर पोटातच पचून जाते.

आहाराने तो थर थोडा मागे हटू शकतो का, याचा सर्वांत कडक प्रयोग डॉ. डीन ऑर्निश यांनी केला आणि १९९० मध्ये प्रसिद्ध केला. जवळजवळ पूर्ण शाकाहार, एकूण कॅलरींच्या केवळ दहा टक्के चरबी, रोज योगासने आणि ध्यान, चालणे, धूम्रपान बंद, आठवड्याला समूहात बसून बोलणे, असे सगळे वर्षभर केल्यावर त्या रुग्णांतील अडथळ्याचे सरासरी प्रमाण ४० टक्क्यांवरून ३७.८ वर आले, तर नेहमीच्या पद्धतीने राहणाऱ्यांत ते वाढले. रुग्ण पन्नासच्या आत होते, म्हणून यावरून फार मोठे दावे करता येत नाहीत. तरी मला त्यात दिलासाही दिसतो आणि प्रमाणाची जाणीवही होते. एवढ्या मेहनतीने दोन टक्क्यांचा फरक पडला. मग बाटलीतल्या दोन चमच्यांनी अडथळे नाहीसे होतात, हे कसे मानायचे?

अर्जुनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. वाग्भटांच्या काळापासून हृदयरोगात अर्जुनाची साल वापरली जाते, आणि आधुनिक काळातही तिच्यावर लहान-लहान अभ्यास झाले आहेत. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण तिने झटके किंवा मृत्यू कमी होतात हे दाखवणारा मोठा अभ्यास झालेला नाही, त्यामुळे ती गोळ्यांची जागा घेऊ शकत नाही. घ्यायचीच असेल तर गोळ्यांसोबत, हृदयरोगतज्ज्ञांना सांगून, आणि चूर्ण कोठून आले याची खात्री करून घ्या.

आणि गोळ्यांना रासायनिक म्हणताना एक गोष्ट लक्षात ठेवा. कोलेस्टेरॉलची गोळी, म्हणजे स्टॅटिन, मुळात बुरशीतून मिळालेली आहे. जपानचे अकिरा एन्डो यांनी १९७० च्या दशकात सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासून पहिले स्टॅटिन शोधले. ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तांबूस आंबवलेल्या तांदळाच्या भुकटीत लोवास्टॅटिन हेच औषध असते. फरक इतकाच की गोळीत त्याची मात्रा मोजलेली असते आणि भुकटीत ती किती आहे हे कोणी सांगत नाही. स्टॅटिनने एलडीएल ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटके, पक्षाघात आणि शस्त्रक्रियांची गरज सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी होते, हे लाखाहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून दिसले आहे.

नैसर्गिक मार्गाची तुमची ओढ मला मात्र वाया जाऊ द्यायची नाही, कारण गोळ्यांच्या जोडीला तिचा फार उपयोग आहे. रोज वाटीभर शिजवलेले कडधान्य, मग ती मटकी असो, चवळी किंवा हुलगे, खाल्ल्याने एलडीएल सुमारे ५ टक्क्यांनी उतरते. ओट्स किंवा जव, ज्याला आपण सातू म्हणतो, त्यांतील बीटा-ग्लुकन हा विरघळणारा तंतू रोज ३ ग्रॅम पोटात गेला तर आणखी तेवढेच. त्यासाठी ओट्स सुमारे ७५ ग्रॅम लागतात, किंवा भाकरीच्या पिठात जव मिसळावेत. रात्री दोन चमचे इसबगोल भरपूर पाण्यातून घ्या, पण गोळ्यांच्या वेळेपासून दोन तासांचे अंतर ठेवा, कारण ते औषध शोषू देत नाही. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यावरचा कट आणि मटणाची चरबी सोडावी लागेल. रोज मूठभर दाणे किंवा अक्रोड, आणि हृदयरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यावर तीस मिनिटे चालणे. भारतातील २४ केंद्रांवर सुमारे ४००० रुग्णांपैकी निम्म्यांना झटक्यानंतर योगाचे प्रशिक्षण दिलेल्या अभ्यासात पुढचे झटके ठळकपणे कमी झाले नाहीत, पण लोकांना अधिक बरे वाटले आणि ते पूर्वीच्या कामांवर अधिक प्रमाणात परतले. म्हणून योगासनांनाही माझा पूर्ण पाठिंबा आहे.

छातीत दाब, घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ आली, तर पित्त समजून ओवा-सोडा घेत बसू नका. १०८ ला फोन करा. पुढच्या तपासणीला जाताना गोळ्यांची पाकिटे, काढ्याची बाटली आणि सालीच्या चूर्णाचा डबा एकाच पिशवीत घालून न्या, पत्नीलाही सोबत घ्या, आणि यातील कोणती गोळी किती दिवस लागणार आहे हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. काही गोळ्या वर्षानंतर कमीही होतात. तोपर्यंत आज रात्रीची गोळी चुकवू नका.